संचालक फुर्टवेंग्लर, संगीतकार फुर्टवेंग्लर

फेब्रुवारी 1906. म्युनिकच्या काइम ऑर्केस्ट्रासमोर 20 वर्षांचा एक तरुण उभा राहिला. संपूर्ण वाद्यवृंदाचा कार्यक्रम करण्याची ही त्याची पहिलीच वेळ. अशा वेळी माणूस हाताला सोपं काहीतरी घेतो. याने घेतली ब्रूकनरची नववी सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, जी हाती घेताना मुरलेले संचालकही आधी दहादा विचार करतात. सोबत बीथोवनचं एक ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची छोटी प्रस्तावना, होतं आणि त्याने स्वतः लिहिलेला बी मायनरमधला एक 'लार्गो', म्हणजे अतिसंथ लयीतली रचना. माझ्या मते तो सगळा खटाटोप या लार्गोसाठीच होता. आपलं संगीत कुणी वाजवत नसेल, तर आपणच काठी हातात घेऊन ते वाजवून घ्यावं, हा त्यामागचा सरळ हिशेब.

हा तरुण म्हणजे विल्हेल्म फुर्टवेंग्लर. पुढे 1922मध्ये तो बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या संचालकांत त्याची गणना होऊ लागली. बीथोवन, ब्राम्स, ब्रूकनर, वाग्नर यांची त्याने केलेली रेकॉर्डिंग्ज आजही लोक जिवापाड जपतात, त्यांवर तासन्‌तास वाद घालतात. तो स्वतः मात्र आयुष्यभर सांगत राहिला की, मी मुळात संगीतकार आहे, संचालन नंतर आलं. तीन सिम्फन्या, तासाभराचा पियानो कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना), एक पियानो क्विंटेट (पियानो धरून पाच वाद्यांची रचना), दोन व्हायोलिन सोनाटा (व्हायोलिन आणि पियानो या दोन वाद्यांच्या रचना) आणि तरुणपणीचं 'ते देउम' हे समूहगायनाचं काम, एवढं मोठं लेखन त्याने मागे ठेवलं. जगातल्या बहुतेक ऑर्केस्ट्रांनी यातलं काहीही कधी वाजवलेलं नाही.

असं का झालं, आणि या संगीतात ऐकण्यासारखं नेमकं काय आहे, हे पाश्चात्त्य संगीताची फारशी ओळख नसलेल्या वाचकालाही समजेल असं सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी संचालकाचं काम समजून घेऊ. सिम्फनीची स्वरलिपी, म्हणजे स्कोर, संगीतकाराने पूर्ण लिहून दिलेली असते. कोणत्या वाद्याने कोणता सूर कधी वाजवायचा, हे सगळं त्यात असतं. तरीही दोन संचालकांनी केलेली एकच सिम्फनी दोन वेगळ्या रचना वाटाव्यात इतकी बदलू शकते. लय किती, जोर कुठे, एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना थांबायचं की वाहत जायचं, तारवाद्यांना पुढे आणायचं की ब्रासला, म्हणजे पितळी फुंकवाद्यांना, हे कागदावर अर्धवटच लिहिता येतं. उरलेलं संचालकाच्या कानात असतं आणि तालमीत तो ते ऐंशी-शंभर वादकांच्या कानांत उतरवतो.

म्हणजे संचालक दिवसरात्र दुसऱ्यांच्या संगीतात राहतो. याच कारणाने संचालकाने लिहिलेल्या संगीतावर एक ठरावीक आरोप होतो: याच्या डोक्यात इतरांचंच इतकं भरलंय की लिहायला बसला की तेच बाहेर येतं. फेलिक्स वाइनगार्टनरने सात सिम्फन्या लिहिल्या. ओट्टो क्लेम्पररने सहा लिहिल्या. ब्रूनो वॉल्टरने तरुणपणी दोन सिम्फन्या लिहिल्या आणि नंतर रचना करणंच सोडून दिलं. या सगळ्यांच्या वाट्याला हाच शेरा आला. अपवाद गुस्ताव माहलरचा. जिवंतपणी तो व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा कडक संचालक म्हणून प्रसिद्ध होता. सिम्फन्या लिहायला त्याला उन्हाळ्याची सुट्टीच मिळे. त्या सिम्फन्यांना जगभर हक्काची जागा मिळाली ती त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. संचालकाचं संगीत उसनंच असणार, हा समज किती घाईचा आहे हे दाखवायला एकटा माहलर पुरेसा आहे.

फुर्टवेंग्लरचा जन्म 1886चा, बर्लिनमधला. वडील आडोल्फ नामांकित पुरातत्त्वज्ञ, आई चित्रकार. मूल हुशार आहे हे पाहून घरच्यांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवलं, आणि रचनेचे धडे योसेफ राइनबर्गर, माक्स फोन शिलिंग्स अशा जाणत्यांकडून मिळाले. वयाच्या सातव्या वर्षापासून तो लिहीत होता. त्या काळात त्याने काय काय लिहिलं याची यादी केली तर हा मुलगा पुढे संचालक होईल असं कुणाला वाटणार नाही. मग 1907मध्ये वडील अथेन्समध्ये अचानक वारले. घराला आधार हवा होता, आणि रचनेवर पोट भरत नाही हे त्याला दिसत होतं. 'ते देउम' 1910मध्ये ब्रेस्लाउला वाजवलं गेलं, पण त्याने फार काही घडलं नाही. 1911मध्ये तो ल्यूबेकला ऑर्केस्ट्राचा संचालक झाला, नंतर मानहाइम, नंतर बर्लिन आणि लाइपझिग. संगीतकार फुर्टवेंग्लर जवळजवळ वीस वर्षं गप्प बसला.

मला या वीस वर्षांचं फार वाटतं. पंचविशीपासून पंचेचाळिशीपर्यंतच्या ज्या काळात बहुतेक संगीतकार आपला आवाज शोधतात, चुकतात, पुन्हा लिहितात, तो काळ याने दुसऱ्यांच्या स्कोरांना दिला. तो परत लिहायला बसला तोवर काळ पुढे निघून गेला होता आणि त्याची भाषा मात्र 1910च्या आसपासचीच राहिली होती.

ही 'भाषा' म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरून आहे. आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून ठेवतो आणि गायक कितीही लांब फिरून आला तरी त्या षड्जाशी असलेलं नातं सुटत नाही. पाश्चात्त्य संगीतातली 'की', म्हणजे ई मायनर, बी मायनर वगैरे, साधारण तेच काम करते. फरक असा की तिथे वाटेत षड्जच बदलतो. रचना एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जाते, तिथे रमते, अडखळते आणि शेवटी मूळ जागी परत येते. ते परतणं किती लांबवायचं, त्यासाठी ऐकणाऱ्याला किती ताटकळत ठेवायचं, यात सिम्फनी लिहिणाऱ्याचं कसब असतं. 1908च्या सुमारास संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गने हा आधारच काढून टाकला आणि 1920च्या दशकात बाराही सुरांना समान दर्जा देणारी पद्धत बसवली. कुठलाच सूर घरचा नाही, त्यामुळे परतण्याचा प्रश्नच नाही.

फुर्टवेंग्लरला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं होतं की ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळायला हवं. ते कळलं नाही तर संगीतातले सुंदर क्षण सुटे सुटे राहतात. तरीही शोनबर्गच्या 'ऑर्केस्ट्रासाठी व्हेरिएशन्स'चा पहिला प्रयोग 2 डिसेंबर 1928 रोजी बर्लिनमध्ये केला तो त्यानेच, आणि सभागृहात चक्क गोंधळ उडाला. बार्टोकचा पहिला पियानो कन्चेर्टो, स्वतः बार्टोक पियानोवर असताना, 1927मध्ये त्यानेच पहिल्यांदा सादर केला. नवं संगीत त्याला माहीत नव्हतं म्हणून तो जुन्या भाषेत लिहीत राहिला, असं म्हणता येत नाही. सगळं पाहून, वाजवून, मग त्याने आपली बाजू ठरवली होती.

त्याच्या संगीताची दुसरी किल्ली व्हिएन्नाच्या हाइनरिख शेंकर या अभ्यासकाकडे आहे. ल्यूबेकला असताना फुर्टवेंग्लरच्या हाती शेंकरचं बीथोवनच्या नवव्या सिम्फनीवरचं पुस्तक पडलं. पुढे दोघांच्या भेटी झाल्या आणि चर्चा वर्षानुवर्षं चालल्या. शेंकरचा मुद्दा असा: मोठी रचना म्हणजे एकामागून एक आलेल्या सुंदर तुकड्यांची रांग नसते. तिच्या तळाशी एकच लांब हालचाल असते आणि वरचं सगळं त्या हालचालीतून फुटलेलं असतं. ऐकणाऱ्याने, आणि वाजवणाऱ्याने तर नक्कीच, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुराकडे कान ठेवायला हवा.

फुर्टवेंग्लरचं संचालन ऐकलं की याचा अर्थ कळतो. त्याची लय घड्याळासारखी चालत नाही. एखाद्या मोठ्या शिखराआधी ती कळत नकळत ताणली जाते, ओसरताना सैल होते, आणि दोन भागांमधल्या सांध्यावर, जिथे इतर संचालक सहज पुढे जातात, तिथे तो श्वास रोखून धरतो. त्याची काठी थरथरायची. ठोका नेमका कुठे पडतो ते नव्या वादकाला समजायचंच नाही. पण त्या अनिश्चिततेमुळेच वादक एकमेकांचं ऐकत आत शिरायचे आणि आवाज खोलातून उगवल्यासारखा यायचा.

हाच माणूस लिहायला बसला तेव्हा त्याने याच कानाने लिहिलं. माझ्या मते त्याच्या रचनांची थोरवी आणि अडचण या दोन्ही गोष्टी इथूनच येतात.

परत लिहायला भाग पाडलं ते राजकारणाने. 1934मध्ये त्याने संगीतकार पाउल हिंडेमिथची 'माथिस डर मालर' सिम्फनी पहिल्यांदा वाजवली. नाझी राजवटीचा हिंडेमिथवर राग होता. नोव्हेंबरमध्ये फुर्टवेंग्लरने वृत्तपत्रात लेख लिहून जाहीरपणे त्याची बाजू घेतली आणि डिसेंबरमध्ये सगळ्या पदांचे राजीनामे दिले. ऑर्केस्ट्रा हातातून गेला, तेव्हा वह्या बाहेर आल्या. पियानो क्विंटेट आणि पहिली व्हायोलिन सोनाटा याच सुमारास पूर्ण झाल्या. 1937मध्ये पियानो कन्चेर्टो आला, एडविन फिशर पियानोवर होता.

त्याने देश सोडला नाही. 1935मध्ये तो पुन्हा संचालन करू लागला आणि युद्धभर जर्मनीत वाजवत राहिला. एप्रिल 1942मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याने बीथोवनची नववी सिम्फनी वाजवली, त्याची फिल्म उपलब्ध आहे. त्याच वर्षांत त्याने कितीतरी ज्यू वादकांना वाचवायला खटपट केली, हेही कागदोपत्री आहे. युद्धानंतर त्याच्या नाझी संबंधांची चौकशी झाली आणि डिसेंबर 1946मध्ये बर्लिनच्या मंडळाने त्याला मोकळं केलं. त्याच्या जर्मनीत थांबण्याचं समर्थन मला करता येत नाही. पण त्याचं उशिराचं संगीत ऐकताना हे सगळं बाजूला ठेवणंही शक्य नाही. त्यात एक न सुटणारा ताण आहे आणि तो हवेतून आलेला नाही.

युद्धकाळात पहिली सिम्फनी पुरी झाली. 1906च्या त्या लार्गोची मुख्य धून पस्तीस वर्षांनी या सिम्फनीच्या पहिल्या भागात येऊन बसली आहे. 1943मध्ये त्याने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर तिची तालीम घेतली, आणि ऐकून ती मागे घेतली. त्याच्या हयातीत ती कधीच वाजली नाही. ज्याच्या हाताशी जगातला एक सर्वोत्तम ऑर्केस्ट्रा होता, त्याने स्वतःची सिम्फनी एका तालमीनंतर बाजूला ठेवावी, यातून तो स्वतःशी किती कठोर होता ते दिसतं.

दुसरी सिम्फनी, ई मायनर, ही माझ्या दृष्टीने त्याची खरी मोठी रचना. 1945च्या सुरुवातीला तो स्वित्झर्लंडला निघून गेला. जिनिव्हा सरोवराकाठच्या क्लारांसमध्ये तो राहिला. संचालनाला बंदी होती, समोर ऑर्केस्ट्रा नव्हता. जर्मनीत सुरू केलेली ही सिम्फनी त्या शरद ऋतूत तिथे पुरी झाली. 22 फेब्रुवारी 1948 रोजी बर्लिन फिलहार्मोनिकने ती त्याच्याच हाताखाली पहिल्यांदा वाजवली.

लांबी सुमारे 80 मिनिटं, चार भाग. सुरुवात बासून या खर्जातल्या फुंकवाद्याच्या हलक्या आवाजाने होते: घाई नाही, दणका नाही, एक धून स्वतःशी विचार करत असल्यासारखी उलगडते. ती पूर्ण होतेय असं वाटतं तोच दुसरं वाद्य तिचा शेवटचा धागा उचलतं आणि पुढे नेतं. पहिली काही मिनिटं असंच चालतं. नवं काही येत नाही असं वाटतं, पण लक्ष दिलं तर कळतं की आधीच्याच धुनेची दोन-तीन सुरांची चण सतत रूप बदलतेय. मग लय वाढते, ब्रास येतात, आणि पहिला मोठा कल्लोळ होतो. त्याचा धक्का बसत नाही, कारण आपण नकळत त्याच्याकडेच चढत आलो असतो. दुसरा भाग, आन्दान्ते, म्हणजे मध्यम-संथ लयीतला, साधा आणि मायेचा आहे. या सिम्फनीशी ओळख करून घ्यायची असेल तर तेरा-एक मिनिटांचा हा भाग आधी ऐकावा, असं मी सगळ्यांना सांगतो. शेवटचा भाग जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे. त्यात आधीच्या भागांतल्या धुना पुन्हा वर येतात, एकमेकींशी झगडतात, आणि शेवटी ई मायनरचं ई मेजर होतं, म्हणजे तोच मूळ सूर, पण उजळलेला.

हा उजेड पटतो का? पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, असं माझं मत आहे. शिखरं खूप आहेत आणि प्रत्येक शिखर शेवटचं असल्यासारखं येतं. संचालक फुर्टवेंग्लरने दुसऱ्या कुणाच्या स्कोरमधली अशी गर्दी लयीच्या ताणाने सांभाळून घेतली असती. संगीतकार फुर्टवेंग्लरने तो भार स्कोरमध्येच ठेवला, कारण वाजवणारा तोच असणार होता. या रचनांना त्याच्यासारखाच संचालक लागतो. नेमका ठोका देणाऱ्या हाताखाली त्या लांबलचक वाटतात. सांध्यावर श्वास कसा धरायचा हे ज्याला कळतं त्याच्या हाताखाली त्या उभ्या राहतात.

लांबीचा मुद्दा व्यवहाराचाही आहे. 80 मिनिटांची सिम्फनी लावली की कार्यक्रमात दुसरं काही बसत नाही. तालमी जास्त लागतात, कारण वादकांपैकी कुणी ती आधी वाजवलेली नसते. क्विंटेट तर सव्वा तासाच्या घरात जातो आणि पहिली व्हायोलिन सोनाटा जवळजवळ तासाची आहे. पाच किंवा दोन वाद्यांवर इतका पल्ला पेलत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ऑर्केस्ट्रात रंग बदलत राहतात म्हणून कान टिकतो, इथे तो थकतो.

शिवाय वेळ चुकली. 1948मध्ये युरोपातले तरुण संगीतकार जर्मनीत डार्मश्टाटच्या नव्या संगीताच्या उन्हाळी वर्गांना जात होते, शोनबर्ग आणि त्याचा शिष्य वेबर्न यांच्याही पुढे कसं जायचं याचा विचार करत होते. युद्धाने बेचिराख झालेल्या जर्मनीत ब्रूकनरच्या पठडीतली सिम्फनी म्हणजे त्यांना जुन्या जगाचं भूत वाटलं असणार. रिखार्ड श्ट्राउसने त्याच वर्षी जुन्याच भाषेत शेवटची चार गाणी लिहिली आणि जगाने ती हृदयाशी धरली, पण त्याच्यामागे संगीतकार म्हणून साठ वर्षांची पुण्याई होती. फुर्टवेंग्लरच्या मागे फक्त संचालकाची होती.

त्याने हार मानली नाही. 1951च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या डालेममधल्या येझुस-क्रिस्टुस चर्चमध्ये डॉइच ग्रामोफोनसाठी त्याने दुसरी सिम्फनी रेकॉर्ड केली. हॅम्बर्ग, व्हिएन्ना, श्टुटगार्ट इथे वाजवली. सप्टेंबर 1954मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर त्याने शेवटचे कार्यक्रम केले, तेव्हा कान दगा देऊ लागले होते. त्या कार्यक्रमांत बीथोवनची पहिली सिम्फनी होती आणि सोबत स्वतःची दुसरी. 30 नोव्हेंबरला बाडेन-बाडेनजवळ तो गेला. पुढच्याच महिन्यात ऑयगेन योखुमने बवेरियन रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर ती सिम्फनी वाजवली.

तिसरी सिम्फनी अपुरी म्हणावी का हा प्रश्नच आहे. चार भाग लिहिलेले आहेत, पण चौथ्यावर त्याचं समाधान झालं नव्हतं. भागांना त्याने नावं दिली होती. पहिल्याचं साधारण 'अटळ दैव', दुसऱ्याचं 'जगण्याची सक्ती', तिसऱ्याचं 'पलीकडे', चौथ्याचं 'लढा चालूच'. जानेवारी 1956मध्ये योसेफ काइलबर्टने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिले तीनच भाग वाजवले. 'पलीकडे' हा संथ भाग त्याच्या सगळ्या लेखनात मला सर्वांत शांत वाटतो. इथे तो काही सिद्ध करायला निघालेला नाही.

नंतर या संगीताला जे थोडे पाठीराखे मिळाले त्यांत पियानोवादक आणि संचालक डॅनिएल बारेनबॉईम महत्त्वाचा. 1954च्या उन्हाळ्यात, 11 वर्षांचा असताना, त्याने साल्झबुर्गमध्ये फुर्टवेंग्लरसमोर पियानो वाजवला होता. फुर्टवेंग्लरने त्याला बर्लिनला वाजवायला बोलावलं. वडिलांनी नकार दिला: ज्यू कुटुंबाने इतक्या लवकर जर्मनीत जाणं त्यांना योग्य वाटलं नाही. मोठेपणी बारेनबॉईमने फुर्टवेंग्लरचा पियानो कन्चेर्टो मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली वाजवला. आणि डिसेंबर 2001मध्ये त्याने शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर दुसरी सिम्फनी सादर करून रेकॉर्ड केली. याच ऑर्केस्ट्राने युद्धानंतर फुर्टवेंग्लरला संचालनाचं आमंत्रण दिलं होतं. नामवंत वादकांनी बहिष्काराचा इशारा दिला आणि 1949मध्ये ते बारगळलं. तो ज्या मंचावर उभा राहू शकला नाही, तिथे त्याची सिम्फनी वाजली, आणि ती वाजवली एका ज्यू संचालकाने.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी. दुसऱ्या सिम्फनीचं शिकागोचं रेकॉर्डिंग आवाजाच्या दृष्टीने स्वच्छ आहे, रचनेचे थर नीट कळतात, तेव्हा तिथून सुरू करायला हरकत नाही. मग 1951चं त्याचं स्वतःचं. पियानो कन्चेर्टोचा फक्त मधला आडाजिओ, म्हणजे संथ भाग, एडविन फिशरने फुर्टवेंग्लरबरोबर 1939मध्ये रेकॉर्ड केला होता. आवाज जुना आहे, पण कन्चेर्टोचं सार त्यात आलं आहे. तिसऱ्या सिम्फनीचं वोल्फगांग झावालिशने 1980मध्ये बवेरियन स्टेट ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं रेकॉर्डिंग मिळतं. क्विंटेट सगळ्यात शेवटी घ्यावा, तोही एका बैठकीत नको, एका वेळी एकच भाग.